व्हर्नला आम्ही सगळ्यांनी तपासलं

दर तीन वर्षांनी आम्हाला बारा तासांचं शिक्षण घ्यावं लागतं. नाही घेतलं तर आमच्या सहीला कुत्रं विचारत नाही. आमची सही म्हणजे काय, तर एखादा ट्रकवाला किंवा बसवाला कामावरच्या नशेच्या चाचणीत सापडला की त्याला त्याच क्षणी गाडीवरून उतरवतात. त्याला परत गाडी चालवायची असेल तर आधी माझ्यासारख्या कुणाच्या तरी समोर येऊन बसावं लागतं. आम्ही त्याला तपासायचं, उपचार सांगायचे, ते झाले की पुन्हा तपासायचं आणि मग लिहून द्यायचं की आता याची कामावर परतण्याची चाचणी घ्यायला हरकत नाही. त्या कागदासाठी लोक माझ्यासमोर रडलेत, त्यांनी मला शिव्या घातल्यात, एकाने तर हरणाच्या मांसाचं सॉसेज आणून दिलं होतं. मी परत पाठवलं. चांगलं दिसत होतं मेलं, पण पाठवलं.

तर त्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधल्या वॉसाऊला हायवेलगतच्या हॉटेलात आमचा वर्ग भरला होता. शिकवायला लेलँड ऑस्टबी. तो मॅडिसनहून येतो आणि सरकारी नियम असे सांगतो, जणू त्यानेच रात्र रात्र जागून लिहिलेत. सकाळभर तेच ऐकलं. नवीन काही असेल तर शपथ!

"अगं, मागच्या खेपेलाही हेच सांगत होता हा," मी शेजारच्या न्हिआ वांगला म्हटलं. "विनोदांसकट."

न्हिआ इस्पितळात समुपदेशन करते, माझ्याहून बरीच लहान आहे आणि पहिल्यांदाच आली होती. "गप्प बस ना, मार्लिस," ती म्हणाली. "शेवटी परीक्षा आहे, मला पास व्हायचंय."

परीक्षा होतीच. आणि लेलँडने दोनदा बजावून सांगितलं होतं, की पेपर होईपर्यंत जो उठून जाईल त्याचे तास धरले जाणार नाहीत. माझी मुदत त्याच आठवड्यात संपत होती, म्हणून मी खुर्चीला चिकटून बसले होते.

खरं सांगायचं तर आम्ही सगळे दुपारची वाट बघत होतो. दुपारी व्हर्न झास्ट्रो येणार होता.

व्हर्नला आमच्या भागात कोण ओळखत नाही! पूर्वी तो कागद कारखान्याचे ट्रक चालवायचा. दारूत सापडला. लेलँडनेच त्याला तपासलं, उपचारांना धाडलं, उभा केला. मग पाच वर्षं कधीही बोलावून त्याची चाचणी घ्यायचे, एकदाही त्यात काही निघालं नाही. पुढे लेलँडच्या शब्दावर त्याला शाळेच्या बसवर घेतलं. आणि गडी नकला करण्यात असा पटाईत, की लेलँड त्याला दरवेळी वर्गात बोलवायचा. व्हर्न 'चक' नावाचा ट्रकवाला व्हायचा, आमच्यातल्या कुणीतरी त्याची मुलाखत घ्यायची आणि बाकीच्यांनी गुण द्यायचे.

हा चक अफूच्या चाचणीत सापडलेला असतो आणि कबूल काही करत नाही. म्हणतो, मी खसखशीचा मफिन खाल्ला. म्हणतो, नमुन्याच्या बाटल्यांची अदलाबदल झाली. म्हणतो, मेहुण्याच्या गाडीत बसलो होतो, त्याच्या धुरामुळे झालं. आमचा नियम असा, की यातलं काहीच विचारात घ्यायचं नाही. समोरचा कितीही गळा काढू दे, आपण आपले पुढच्या प्रश्नावर जायचं. त्या मुलाखतीतून तेवढंच शिकायचं असतं. भुलायचं नाही.

त्या दिवशी लेलँडने मुलाखतीला मला उभं केलं.

"मार्लिसबाई आल्यात म्हटल्यावर चकची आज खैर नाही," तो म्हणाला. लोक हसले. मीही जरा ताठ बसले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

व्हर्न आला, टोपी काढली आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला. जवळ आल्यावर पुदिन्याचा वास आला, उग्र. बसल्याबरोबर त्याने दोन्ही हात मांड्यांखाली घातले. मला वाटलं, यंदा चकला नवीन लकब दिलेली दिसतेय.

सुरुवात झकास झाली.

"मफिन, बाई," तो म्हणाला. "माझ्या बायकोची बहीण करते. खसखस अशी घालते, जणू बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतेय."

हॉल खदखदला. मी पुढचा प्रश्न विचारला. त्याने बाटल्यांचं सांगितलं, मी पुढचा विचारला. त्याने मेहुण्याला मध्ये आणलं, मी त्या मेहुण्याला तिथेच सोडून पुढे गेले. मग दारूचा प्रश्न आला. सापडला कशातही असला तरी विचारायचं सगळंच असतं. त्यावर चकचं उत्तर ठरलेलं आहे. शुक्रवारी मासे खायला जातो, तेव्हा ब्रँडी, एकच.

"चक, शेवटचं कधी प्यायलास?"

"आज सकाळी."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. लेलँडने भिंतीपाशी उभं राहून मला शाबासकीची खूण केली. व्हर्नने आयत्या वेळी काही नवीन घातलं की तो खूश होतो.

"किती?" मी विचारलं.

"कॉफीत घालून घेतो. थर्मासमध्ये."

"रोज?"

"नाताळपासून रोज."

"कशासाठी?"

"हात थरथरू नयेत म्हणून." तो माझ्याकडे बघत होता. सबंध मुलाखतीत पहिल्यांदाच. "थरथरले की मुलं बघतात."

हॉलमध्ये हीटर नावापुरता होता, आम्ही सगळे कोट घालून बसलो होतो आणि व्हर्नच्या वरच्या ओठावर घाम होता. मुलं? चक तर कागदाची रिळं वाहतो. त्याच्या ट्रकमध्ये मुलं कुठून आली? आणि त्या क्षणी मी काय केलं असेल? हातातल्या कागदाकडे बघितलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

"याआधी कधी उपचार घेतलेस?"

व्हर्नने माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं. मग त्याने तोंडभर हसू आणलं.

"घेतले ना, बाई. पण मफिन सोडायचे उपचार कुणाकडेच नाहीत हो!"

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. लेलँडने वेळ संपल्याची खूण केली. टाळ्या पडल्या, काहीजण तर उभे राहिले. व्हर्नने टोपी उचलून सगळ्यांना वाकून नमस्कार केला. त्यात त्याचा तोल जरासा गेला आणि त्याने खुर्ची धरली. लोकांना तोही अभिनयच वाटला.

"मार्लिसने काय चांगलं केलं?" लेलँडने वर्गाला विचारलं आणि उत्तरही त्यानेच दिलं. "चकने मध्येच कबुलीचा डाव टाकला. सहानुभूतीसाठी. दुसरं कुणी असतं तर विरघळलं असतं. ही सरळ पुढच्या प्रश्नावर गेली. याला म्हणतात शिस्त."

सगळे भराभर लिहून घेत होते. नशेची माणसं ओळखण्यावर पोट भरणारे आम्ही सगळे त्या हॉलमध्ये होतो, आणि एकेकजण मान खाली घालून लिहीत होता! व्हर्न कोट अंगावर चढवत दाराकडे निघाला. शाळा सुटायच्या वेळेची त्याची फेरी असते, तो नेहमीच असा निघतो.

मी लेलँडला कोपऱ्यात गाठलं.

"तो प्यायलाय."

"चक?"

"चक गेला खड्ड्यात. व्हर्न! व्हर्न प्यायलाय, लेलँड, आणि तो आत्ता बस घेऊन चाललाय."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या सख्ख्या भावाबद्दल बोलले. "पुदिन्याच्या गोळ्या मीही खातो. तू त्याच्या कामात फसलीस, एवढंच. चांगल्या चांगल्यांचं होतं."

"तो 'मुलं' म्हणाला."

"बोलण्याच्या ओघात गेलं असेल. मार्लिस, त्या माणसाला मी माझ्या हाताने उभा केलाय. तू फोन करशील, संध्याकाळपर्यंत गावभर होईल. चुकलीस तर? चाचणीत काही निघालं नाही तरी लोक विसरतील का? उद्या त्याला कुणी साधी गवत कापायची गाडी देणार नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि या हॉलमधलं बाहेर न्यायचं नाही, हे सकाळीच ठरलंय. बस खाली. पेपर वाटतोय."

हे सगळं खरंच होतं, म्हणून तर मला जास्त भीती वाटली. मी चुकले असते तर एका भल्या माणसाचं वाटोळं माझ्या हातून झालं असतं. मी जागेवर आले. पेपर समोर आला. पहिला प्रश्न होता, नशेचा संशय यावा अशी लक्षणं कोणती.

न्हिआने माझ्या बाहीला हात लावला. तिचा चेहरा उतरला होता.

"मार्लिस, तो माझ्या शेजारून गेला ना, तेव्हा मलाही वास आला. दारूचा. मला वाटलं, सोंग वठावं म्हणून कपड्यांवर शिंपडली असेल."

मी उठले. लेलँडने मागून हाक मारली, मी वळूनही पाहिलं नाही.

हॉटेलमागच्या पार्किंगमध्ये पिवळी बस उभी होती. इंजिन चालू, मागे पांढरा धूर. माझा कोट आत खुर्चीवर राहिला होता. बर्फावरून पाय सटकत होते, पडत धडपडत मी बसच्या पुढे गेले आणि दोन्ही हातांनी दार बडवलं. मनात एकच, की याने गिअर टाकू नये.

दार उघडलं. मी आत चढले आणि पायरीवरच उभी राहिले, म्हणजे त्याला दार लावता येऊ नये.

"पेपर नाही का तुमचा?" व्हर्न म्हणाला. त्याच्या पायाशी थर्मास होता.

"चुलीत गेला पेपर. उतर खाली."

"काय झालं? माझं काम नाही आवडलं?"

"चकच्या ट्रकमध्ये मुलं नसतात, व्हर्न."

त्याने स्टीअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मी ते पाहिले. थरथरत होते.

"म्हणजे ऐकलंस तू," तो म्हणाला.

"ऐकलं."

"ऐकून विचारलंस काय? तर याआधी उपचार घेतलेस का." तो रागावलेलाही नव्हता, ते जास्त लागलं. "नाताळपासून हे चाललंय. कुणाला सांगू? लेलँडला? त्याला वाटतं मी म्हणजे त्याने मारलेलं मैदान. मग म्हटलं, हे सगळे एका ठिकाणी जमणार आहेत. यांचं कामच हे. तिथे बोललो तर एखादा तरी उठेल. उठलात की! टाळ्या वाजवायला."

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. त्याचं अक्षरन् अक्षर बरोबर होतं.

"आता उठलेय ना मी," मी म्हटलं. "फोन लाव. बसच्या गॅरेजला."

"तू लाव. चहाडी तुम्हाला जमते."

"मी लावीनच. या पायरीवरून लावीन, नाहीतर पोलिसांना लावीन आणि तोवर इथून हलणार नाही. पण आधी तू लाव. तुझं तू सांग."

"म्हणजे नोकरी वाचेल?"

"नाही वाचणार. खोटं कशाला सांगू तुला?"

तो हसला, कसंनुसं. बाहेर बघत म्हणाला, "माझी बायको लोइस गेल्यापासून घरात आवाज नाही, मार्लिस. सकाळी ही कार्टी चढतात, एकेकजण 'व्हर्न, व्हर्न' करतं. तेवढंच आहे मला. तेवढ्यासाठी हात धड पाहिजेत, आणि हात धड राहायला ते पाहिजे." त्याने थर्मासला पायाने हळूच ढकललं. "गेलं की सगळंच गेलं."

मला त्याची कीव आली आणि त्याच वेळी त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. तीच कार्टी आत्ता या बसमध्ये चढणार होती!

"व्हर्न," मी म्हटलं, "फोन."

त्याने खिशातून फोन काढला. बोटं नीट पडेनात, म्हणून त्यातला गॅरेजचा नंबर मी लावून दिला आणि आवाज मोठा केला. पलीकडे डोरीन होती. बसेसच्या फेऱ्या तीच बघते, सगळ्या ड्रायव्हरांना दमात ठेवणारी बाई.

"डोरीन, मी प्यायलोय," व्हर्न म्हणाला. "मला बस नेता येणार नाही."

डोरीन खळखळून हसली. "अरे हो, आज तुझं ते नाटक ना! कसं झालं?"

"डोरीन, खरंच प्यायलोय."

"आणि मी विस्कॉन्सिनची राज्यपाल आहे. मागच्या वेळी पण सराव म्हणून मलाच छळलं होतंस, विसरले नाही मी. चल, नीघ आता, पोरं थंडीत ताटकळतील."

मी फोन ओढला. "डोरीन, मी मार्लिस बोलतेय. तो खरं सांगतोय. मी बघतेय त्याला."

"तूही त्याच वर्गातली ना? बरं जमलंय दोघांचं! ठेवते गं बाई, मला इथे श्वास घ्यायला फुरसत नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ओरडणार होते, तेवढ्यात व्हर्नने फोन माझ्या हातातून घेतला आणि तोंडाजवळ धरला. चकचा आवाज नाही, कुठलाच आवाज नाही. साधा बोलला.

"डोरीन, आज सकाळी मी फाटकावर थांबलो नाही."

हसू तुटलं. शाळेच्या बसने रेल्वेच्या प्रत्येक फाटकावर थांबायचं, दार उघडायचं, कान देऊन ऐकायचं आणि मगच रूळ ओलांडायचे. गाडी येत असो वा नसो. इथल्या पहिलीतल्या पोरालाही ते माहीत असतं. यावर कुठलाच ड्रायव्हर थट्टा करत नाही.

"कुठल्या?" डोरीन म्हणाली.

"गिरणीच्या रस्त्यावरच्या. सरळ गेलो. चाकं रुळांवर वाजली तेव्हा कळलं."

"पोरं होती?"

"बस भरलेली होती. ग्रेटा ओरडली, 'व्हर्न, दार उघडायचं राहिलं!' मी म्हटलं, गंमत केली. मग सगळीच हसायला लागली."

पलीकडे दुसऱ्या कुणाचा तरी आवाज डोरीनला काहीतरी विचारत होता. ती त्याला उत्तर देत नव्हती.

"रेल्वे येत होती का?" तिने विचारलं.

"माहीत नाही, डोरीन. मी बघितलंच नाही."

ग्रेटा कोण, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"माझी ग्रेटा कुठे बसली होती?"

"माझ्या मागे. रोजच्याच जागेवर."

"किल्ली काढ," डोरीन म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "किल्ली काढ, त्या बाईच्या हातात दे आणि माझ्या बसमधून खाली उतर. तिथेच थांब. मी माणूस पाठवतेय, तो तुला चाचणीला घेऊन जाईल."

व्हर्नने किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं. त्याने किल्ली माझ्याकडे धरली, पण त्याच्या हाताच्या थरथरीत ती आमच्या दोघांच्या मधे पायरीवर पडली. मी वाकून उचलली. तो कठड्याला धरून एकेक पायरी उतरला आणि बर्फात उभा राहिला, टोपी हातात घेऊन. फोन सीटवर तसाच चालू होता. डोरीन कुणाला तरी सांगत होती, व्हर्नच्या फेरीची पोरं आणायला दुसरी गाडी काढा, आणि सांगता सांगता रडत होती.